वाचकांचे प्रश्न : घड्याळ खरं की किलोमीटरचा फलक?

प्रश्न : आमच्या गावच्या हाफ मॅरेथॉनमध्ये माझ्या घड्याळात 21.4 किमी भरले. मार्ग चुकीचा मोजला का? पुढच्या वर्षी मोजणी आमच्याकडेच आहे.

उत्तर : बहुधा नाही. हाफ म्हणजे 21.0975 किमी, पण ते वळणाच्या आतल्या कडेपासून 30 सेंमीवरून, सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. तुम्ही पाण्याच्या टेबलाकडे वळता, गर्दीतून वाट काढता, म्हणून जास्त पळता. त्यात घाटात किंवा झाडीत जीपीएस भरकटतं.

मोजणी मोटारसायकलच्या मीटरवर करू नका. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाक फिरेल तसे आकडे मोजणारं छोटं यंत्र, लावा. एक मीटर अंतराला त्यावर साधारण 11 आकडे पडतात, नेमके किती ते आपल्या चाकासाठी काढावं लागतं. आधी स्टीलच्या टेपने निदान 300 मीटर सरळ रस्ता मोजून त्यावर सायकलने चार फेऱ्या मारा, मार्ग मोजून झाल्यावर पुन्हा चार. चाकातली हवा कमी झाली की आकडे तेवढेच, पण रस्ता आखूड. फेऱ्या दोनदा मारायच्या त्या यासाठीच. शिवाय हजारी एक मीटर जादा धरतात, हाफला 21 मीटर. तेवढी उदारता हवीच.

प्रश्न : पूर्ण मॅरेथॉनसाठी तोच मार्ग दोनदा चालेल?

उत्तर : चालेल, सुरुवात आणि शेवट एकाच रेषेवर असेल तर. सांभाळायचा तो यू-टर्नवर ठेवलेला शंकू (ट्रॅफिक कोन). तो 50 मीटर अलीकडे सरकला की फेरीत 100 मीटर गेले. तिथे रस्त्यात खिळा ठोकून रंग लावा, जवळच्या विजेच्या खांबापासूनचं अंतर लिहून ठेवा आणि माणूस उभा करा.