आईच्या ॲड्रिनलवर (किडनीवरच्या ग्रंथीवर) अडीच सेंटीमीटरची गाठ आहे, डाय देऊन सीटी सांगितलाय. तिला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी आहे. डाय चालेल का?

चालेल. मी म्हापशात सीटी तंत्रज्ञ आहे. सुई लावण्याआधी ‘कशाची ॲलर्जी?’ म्हणून विचारलं की आपल्या गोव्यात सुंगटं नाहीतर तिसऱ्या हेच उत्तर येतं, आणि सोबतचं कोणीतरी लगेच ‘डायमध्ये आयोडीन असतं ना?’ म्हणून घाबरतं. सुंगटांची ॲलर्जी त्यांतल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. पूर्वी डायनेच अंगावर पित्त उठलं असेल किंवा दम लागला असेल, तर मात्र ते आधीच सांगा.

पण माझ्या मते तुम्ही डॉक्टरांना वेगळंच विचारायला हवं: डायशिवायचा सीटी झालाय का, आणि त्यात गाठीचा हाउन्सफील्ड आकडा, म्हणजे सीटीवर मोजलेली घनता, किती आला? गाठ सगळीकडे एकसारखी आणि आकडा 10 किंवा खाली असेल, तर ती चरबी असलेली साधी ॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. मग डाय कशाला? हार्मोनच्या तपासण्या तेवढ्या कराव्या लागतात.

आकडा 10 च्या वर गेला की डायचा विचार. डाय शिरेत गेल्यावर साधारण मिनिटभराने एक स्कॅन, 15 मिनिटांनी दुसरा. ॲडिनोमा डाय पटकन घेते आणि पटकन सोडते. समजा आधी 22, डायनंतर 90, शेवटी 45. चढले 68, उतरले 45, म्हणजे सुमारे 66 टक्के. 60 च्या वर असेल तर कौल ॲडिनोमाकडे. कौलच हं, निकाल नव्हे, कारण फिओक्रोमोसायटोमाही (ॲड्रिनॅलिनसारखे हार्मोन सोडणारी गाठ) कधीकधी असाच डाय सोडून फसवतो. म्हणून 10 च्या वरच्या गाठीत रक्तातलं किंवा लघवीतलं मेटानेफ्रिन, म्हणजे त्या हार्मोनपासून बनणारा पदार्थ, तपासतात. आईंना मध्येच घाम फुटणं, धडधडणं, बीपी उसळणं असलं काही होत असेल तर ते जरूर सांगा. मेटानेफ्रिनचा रिपोर्ट येण्याआधी गाठीत सुई घालून तुकडा काढू देऊ नका.

येताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी चालू असेल तर सांगा. किडनी फारच अशक्त असेल तर ती गोळी 48 तास थांबवतात. डाय जाताना अंग गरम होतं, लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या दचकून हलतील आणि स्कॅन बिघडेल.