नागीण गेली, आग राहिली

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना डाव्या बरगडीवर नागीण उठली. फोड पंधरा-वीस दिवसांत सुकले, पण ती जागा अजून धगधगते आणि चोळीचे कापड घासले तरी त्या कळवळतात. पूर्वी पहाटे अंगणातल्या अबोलीचे वळेसर गुंफून त्या देवळात पाठवत, आता तेवढा वेळ बसवत नाही. प्रीगाबालिन या चेतातंतूंच्या वेदनेवरच्या गोळीने चक्कर येते आणि आग थोडीशीच कमी होते. पणजीच्या एका खासगी केंद्रात 'डोक्यावर चुंबक धरून मेंदूला उद्दीपन देऊ, तीस बैठकांत दुखणे जाईल' असे सांगून सगळे पैसे आगाऊ मागितले. सासूबाई म्हणतात, ''दुखतं बरगडीत, मग डोक्याला करंट कशाला?'' हे शॉक देण्यासारखेच असते का, आणि याचा खरोखर उपयोग होतो का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून आधी त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर देतो. नागीण म्हणजे कांजिण्यांचा विषाणू. तो मज्जारज्जूलगतच्या चेतागाठींत वर्षानुवर्षे दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती मंदावली की त्याच चेतातंतूच्या वाटेने पुन्हा बाहेर पडतो. (नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस दगावतो, या समजुतीला आधार नाही.) फोड जातात, पण दुखावलेला चेतातंतू खोटे निरोप पाठवत राहतो आणि ते ऐकून ऐकून मज्जारज्जू व मेंदू यांची संवेदनशीलताच वाढते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या अशा वेदनेत बरगडीइतकाच मेंदूचाही वाटा असतो, आणि उपचार डोक्याकडून करण्याचा विचार त्यातूनच पुढे आला.

१९९१ मध्ये जपानमधील शल्यचिकित्सक त्सुबोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटी उघडून, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यावर इलेक्ट्रोड बसवले आणि औषधांना दाद न देणारी काही रुग्णांची वेदना त्याने कमी झाल्याचे नोंदवले. कवटी न उघडता तेच करण्याचे साधन तोवर तयार होते. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून हात हलवून दाखवला होता. तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये मांडलेलेच आहे : बदलते चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत जाते आणि खालच्या दोन-तीन सेंटिमीटर भागात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण करते.

शॉक उपचारात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. इथे आकडी येऊ नये याची काळजी घेतली जाते. रुग्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, टकटक आवाज मोठा असल्यामुळे त्याच्या कानांत बोळे घालतात. वेटोळे डोक्यावर हळूहळू सरकवत विरुद्ध हाताचा अंगठा फडकतो ती जागा शोधली जाते. अंगठा जेमतेम हलवणारी शक्ती मोजून त्याहून थोडी कमी शक्ती उपचारासाठी वापरतात. वेदना डावीकडे असल्याने उद्दीपन उजव्या बाजूला दिले जाईल. त्याच दिवशी बसने घरी परतता येते.

उपयोगाबाबत मात्र दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात सर्व प्रकारच्या दीर्घकालीन वेदनांवर मेंदूला बाहेरून उद्दीपन देण्याच्या ९४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चुंबकीय उद्दीपनाने दहाच्या मोजपट्टीवर वेदना सरासरी अर्ध्या अंकाहूनही कमीच उतरली, म्हणजे रुग्णाला जाणवेल इतकीही नाही. उलट २०२१ मध्ये फ्रान्समधील चार केंद्रांत फक्त चेतातंतूंच्या वेदनेच्या १४९ रुग्णांवर चाचणी झाली. तीत हालचालींच्या पट्ट्यावरचे उद्दीपन काही महिने दिल्यावर ते नकली उद्दीपनापेक्षा सरस ठरले, पण कपाळामागच्या भागावर दिलेले उद्दीपन तसे ठरले नाही. माझ्या मते यातला विरोध वरवरचा आहे. कंबरदुखी आणि नागिणीनंतरची आग एकाच तागडीत टाकली तर सरासरी खाली येणारच. सासूबाईंचा आजार हा उपचार लागू पडू शकेल अशा गटात बसतो, पण 'तीस बैठकांत जाईल' हे वाक्य कोणत्याही प्रामाणिक चाचणीतून निघत नाही. सात अंकांची वेदना पाचावर आली तरी ते चांगले यश मानले जाते, आणि तेही टिकवण्यासाठी अधूनमधून पुन्हा बैठका द्याव्या लागतात.

त्यामुळे आगाऊ पैसे भरू नका. मेंदूच्या कोणत्या भागावर, सेकंदाला किती स्पंद देणार, हे विचारा. या वेदनेसाठी सहसा हालचालींचा पट्टा आणि सेकंदाला दहा किंवा अधिक स्पंद हेच उत्तर यायला हवे. सुरुवातीचे दोन आठवडे रोज संध्याकाळी आगीचे अंक, झोपेचे तास आणि वळेसर करायला किती मिनिटे बसवले हे वहीत लिहा, म्हणजे पहिल्या दहा-पंधरा बैठकांनंतर पुढे जायचे की थांबायचे हे ती वही सांगेल. डिचोलीहून रोजच्या खेपांचा शीणही हिशेबात धरा. डोक्यात धातूची क्लिप, कानात ऐकू येण्यासाठी बसवलेले कॉक्लिअर यंत्र, छातीत पेसमेकर किंवा पूर्वी कधी आकडी आली असेल तर ते आधीच सांगा. अॅमिट्रिप्टिलीनसारखी काही औषधे आकडीचा संभव वाढवतात, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी न्या. प्रीगाबालिन मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्या जागेवर लावायच्या, कातडी बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीबद्दल आपल्या डॉक्टरांना याआधीच विचारायला हरकत नव्हती. ती वृद्धांना सहसा सोसते आणि तिने चक्कर येत नाही.

प्रश्न : याच कामाचा बॅटरीवर चालणारा पट्टा ऑनलाइन मिळतो. तो घरी वापरावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ते वेगळे तंत्र आहे. त्यात खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांतून साधारण एक ते दोन मिलीअँपिअर प्रवाह वीसेक मिनिटे सोडतात आणि त्याने अंगठाही फडकत नाही. वरच्याच आढाव्यात त्याचा परिणाम थोडा जास्त दिसला, पण पुरावा फार कच्चा होता. शिवाय स्पंज वाळला किंवा नीट टेकला नाही, तर कातडी भाजते. डॉक्टरने जागा आखून दिल्याशिवाय आणि पहिल्या काही बैठका समोर बसवून करून घेतल्याशिवाय तो विकत घेऊ नये.