वाचकांचे प्रश्न : युद्धकाळातली लेन्स ओळखताना

प्रश्न : ऑनलाइन लिलावात लायका कॅमेऱ्याच्या आट्यांची ‘कार्ल झाइस येना सोनार 1:1,5 f=5cm’ घेतली. क्रमांक 27 लाखांच्या घरातला, शेजारी लाल ‘टी’ (परावर्तन कमी करणाऱ्या थराची खूण). विकणाऱ्याने 1941 सालची आणि दुर्मीळ असल्याचं सांगितलं. खरी कशी ओळखायची? (पुणे)

नावाची कडी सगळ्यात शेवटी वाचा. लेन्सवर बदलायला सगळ्यात सोपा भाग तोच, आणि बाजारातल्या बहुतेक बनावट सोनार तेवढ्यावरच विकल्या जातात.

आधी थोडी पार्श्वभूमी. लुडविग बेर्टेले यांनी रचलेली ही 1.5 छिद्राची सोनार 1932 साली झाइसच्याच कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आली. लायका हा झाइसचा प्रतिस्पर्धी, त्यामुळे लायकाच्या आट्यांच्या सोनार युद्धकाळात फार थोड्या बनल्या. युद्धानंतर झाइसची यंत्रं, आराखडे आणि काच नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात आधी जर्मन काच वापरून ‘झेडके’ नावाच्या लेन्स बनल्या, पुढे त्याच रचनेची ज्युपिटर-3 हजारोंनी निघाली. ज्युपिटर-3 स्वस्त, लायकावर बसणारी आणि आतून सोनारच. नाव घासून नवं कोरलं की किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणून लायकाच्या आट्यांची सोनार समोर आली की ती ज्युपिटर आहे असं धरून चालावं आणि उलट पुरावा शोधावा.

काचेत दिसणारी दिव्याची प्रतिबिंबं मोजून इथे काही कळत नाही. दोन्हींत 7 भिंगं 3 गटांत बसवलेली असतात, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच. नुसत्या वजनावरही जाऊ नका. ज्युपिटर अ‍ॅल्युमिनियमची, म्हणून हलकी असते. पण युद्धाच्या दिवसांत जर्मनीतही पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरलं गेलं.

अ‍ॅपर्चरची (छिद्राची) कडी बघा. आकडे 22 पर्यंत गेले असतील तर ती ज्युपिटर-3ची कडी समजा. युद्धाआधीची झाइसची 1.5 सोनार 11 वर थांबते. (2 छिद्राच्या सोनारला हा निकष लावू नका. तिच्यावर 22 असतो.) मग 10 पट भिंगाखाली अक्षरं तपासा. कारखान्यातलं कोरीवकाम यंत्रावरचं असतं, त्यामुळे रेघेची खोली सगळीकडे सारखी आणि टोकं गोल असतात. जुनं नाव घासून काढलेली कडी पातळ होते आणि आतल्या भिंगाच्या तुलनेत जरा खोल बसलेली दिसते. काळा रंग नवा, कधी अक्षरांच्या खाचांतही उतरलेला. लाल ‘टी’ कोरून भरलेला हवा, नुसता रंगवलेला नको. दिवा तिरका धरल्यावर प्रकाशकिरण आणि प्रिझमचं क्रास्नोगोर्स्कचं चिन्ह किंवा रशियन लिपीतल्या ‘प’ची (सोव्हिएत लेन्सवर ‘टी’ऐवजी असणारं अक्षर) पुसट खूण दिसली, तर पुढे तपासायची गरज नाही.

क्रमांकाचा उपयोग एवढाच की तो बाकीच्या गोष्टींशी जुळतो का, हे बघता येतं. झाइसच्या येना कारखान्याचे युद्धकाळातले क्रमांक साधारण 26 लाखांपासून 30 लाखांच्या आत येतात, म्हणजे तुमचा आकडा बसतो. पण बनवणाऱ्यालाही ती यादी माहीत असते. 15-16 लाखांच्या घरातला, म्हणजे 1935च्या आसपासचा क्रमांक आणि शेजारी लाल ‘टी’ अशी जोडी मात्र संशयास्पद. अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या या थराचं पेटंट 1935च्या नोव्हेंबरमध्ये घेतलं, पण तो आधी लष्करी उपयोगासाठी राखून ठेवला होता. कॅमेऱ्याच्या लेन्सवर ‘टी’ आला तो युद्धाच्या तोंडावर. तसंच ‘येना’ आणि ‘50mm’ एकत्र दिसलं तरी थांबा. त्या काळी येनात अंतर सेंटिमीटरमध्ये लिहीत. ‘50mm’ ही युद्धोत्तर पश्चिम जर्मनीच्या झाइस-ऑप्टॉनची पद्धत.

निकाल लागतो तो लेन्स उघडल्यावर. हे काम जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्या, कारण सोनारचे जाड गट एकदा तिरके बसले की कडांची धार जाते. त्याला आतल्या कड्यांवर सुईने ओरखडलेले आकडे शोधायला सांगा. जोडणी करताना एका लेन्सचे भाग एकत्र राहावेत म्हणून त्यांवर क्रमांकाचे शेवटचे आकडे ओरखडलेले असतात. ते बाहेरच्या क्रमांकाशी जुळायला हवेत. आत आठ-दहा वर्षांनंतरचा सोव्हिएत क्रमांक निघाला (1950च्या दशकात पहिले दोन आकडे सालाचे असत), तर प्रश्न मिटला.

एक शक्यता मात्र राहते : जर्मन काच आणि सोव्हिएत नळी. अशी लेन्स सोनारच्या भावाने घेऊ नये, पण टाकाऊही समजू नये. खऱ्या ‘झेडके’ला संग्राहकांत स्वतःचा मान आहे, आणि तिच्यावर खोटं ‘कार्ल झाइस’ कोरणाऱ्याने खरोखर दुर्मीळ वस्तू खराब केलेली असते.

प्रश्न : सोनेरी मुलाम्याची लायका, गरुडाचं चिन्ह, ‘लुफ्तवाफ’चं नाव आणि घडीची एल्मार लेन्स. घ्यावी का? (दादर)

लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडात वरच्या बाजूला बघा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) भुजेच्या टोकाला गोल चाक असेल तर लायका, पाचरीसारखा तुकडा असेल तर फेड किंवा झोर्की, म्हणजे लायकाच्या सोव्हिएत नकला. दहा सेकंदांचं काम आहे. दुसरी खूण समोरची. क्रमांक 3सी लायकाचा (युद्धकाळात साधारण 3,60,000 ते 3,97,000) आणि पुढे मंद शटरगतीची छोटी तबकडीच नाही, तर ते शरीर 3सीचं नाही. जर्मन हवाई दलासाठीच्या लायका खरंच होत्या, पण त्या सोनेरी नव्हत्या.

एल्मारसाठी समोरून आत बघत छिद्र बारीक करा. माक्स बेरेक यांच्या एल्मारमध्ये पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात. सोव्हिएत इंडस्टार-22मध्ये दुसऱ्या भिंगाच्या मागे, त्यामुळे ती खोल दिसतात. कोरलेलं नाव बदलता येतं, पात्यांची जागा नाही. युद्धकाळातल्या एल्मारवर बहुधा जुनी छिद्रमालिका असते : 3.5, 4.5, 6.3, 9, 12.5, 18. लाइट्स या लायकाच्या कंपनीचे त्या वर्षांतले लेन्स-क्रमांक साधारण 5,40,000 ते 6,00,000. त्यावरचा निळसर थर पाहून लेन्स बनावट ठरवू नका. अनेक जुन्या लेन्सना युद्धानंतर तो चढवून घेतलेला आहे.

प्रश्न : युद्धकाळातल्या सोनारमध्ये बुरशीचे धागे दिसतात. घरी साफ करता येईल? (रत्नागिरी)

बाहेरच्या काचेपुरती असेल तर येईल. आतली असेल तर नाही. त्या काळचा ‘टी’ थर आजच्या थरांइतका कठीण नसतो. कोरड्या कापडाने दोनदा पुसलं तरी बारीक ओरखडे उमटतात, आणि दिव्यासमोर धुकं दिसतं ते याच ओरखड्यांचं. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग लेन्स-कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन मधून बाहेर, दाब न देता, एकदाच फिरवा आणि कागद बदला. द्रव थेट काचेवर कधीच टाकू नका, तो कडेने आत उतरतो.

बुरशी पुसल्यावरही जाळ्याचा आकार उरला तर काच कोरली गेली आहे. ती परत येत नाही. चित्रात तिचा त्रास मुख्यतः समोरून प्रकाश आल्यावर होतो.

सोनारच्या बाबतीत बुरशीपेक्षा मोठी भीती भिंगांची चिकटवण सुटण्याची. तिहेरी गट कॅनडा बाल्समने जोडलेले असतात. कडेला इंद्रधनुषी वलयं दिसली तर तो सांधा सुटतो आहे. बुरशी मारायची म्हणून लेन्स तासन्‌तास उन्हात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. उष्णतेने बाल्सम मऊ होतं, म्हणून या लेन्सना तो मुळीच लावू नका. कोकणातल्या पावसाळ्यात हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. चामड्याची जुनी पेटी वेगळी ठेवा, ओल धरणारी आणि बुरशी पोसणारी तीच असते.

प्रश्न : ज्युपिटर-3 आहे हे जाणूनच घेतली. लायकावर 1 मीटरला पूर्ण उघड्या छिद्रावर डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. लेन्स सदोष आहे का? (नाशिक)

सदोष नाही, मापं वेगळी आहेत. लायकाचा रेंजफाइंडर 51.6 मिलिमीटरच्या लेन्सशी जुळवलेला असतो. सोव्हिएत लेन्स कॉन्टॅक्सच्या 52.4ला धरून चालतात. 1 मीटरसाठी लायकाची लेन्स 2.81 मिलिमीटर पुढे सरकते, तुमच्या लेन्सला 2.90 लागतात. ते 0.09 कमी पडल्याने स्पष्टता सुमारे 3 सेंटिमीटर मागे पडते, आणि 1.5 छिद्राला स्पष्टतेची खोली दोन्ही बाजूंना 2 सेंटिमीटरही नसते. 3 मीटरला चूक 9 सेंटिमीटरच्या आसपास असते, पण खोली दोन्हीकडे 16 सेंटिमीटर, म्हणून ती झाकली जाते.

भिंगांचा गट आणि फोकसची नळी यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. तिच्यात 0.05 मिलिमीटर भर घाला. पूर्ण 0.09 घातलं तर 1 मीटर नेमकं येतं, पण 3 मीटरला स्पष्टता अंदाजे 18 सेंटिमीटर पुढे जाते आणि दूरचं दृश्य उघड्या छिद्रावर मऊ होतं. 0.05ला जवळची चूक दीड सेंटिमीटरच्या आत येते आणि 3 मीटरही बिघडत नाही. जुनी चकती फेकू नका. बदलानंतर तिरप्या ठेवलेल्या फूटपट्टीवर 1, 1.5 आणि 3 मीटरला 1.5 छिद्रावर चाचणी घ्या, फिल्मवरच.

प्रश्न : कोडॅक एक्टार लेन्सच्या क्रमांकाआधी ‘ईई’ अक्षरं आहेत. अर्थ काय? (न्यू जर्सी)

1944. कोडॅक ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दाच्या दहा इंग्रजी अक्षरांना 1, 2, 3 … 9, 0 असे आकडे देत असे. त्यात ‘ई’ चौथं, म्हणून ‘ईई’ म्हणजे 44. तसंच ‘ईए’ 1942, ‘ईएम’ 1943, ‘ईआर’ 1945 आणि ‘ईओ’ 1946.