बास बोट विकू देऊ नका

प्रश्न : माझा मुलगा मिनेसोटात नोकरीला आहे. त्याने जुनी अठरा फुटी बास बोट (बास माशांच्या गळमासेमारीसाठीची बुटक्या कडांची बोट) घेतली आणि आता त्याला मस्की मासा पकडायचा ध्यास लागला आहे. मित्र म्हणतात, मस्कीला उंच कडांची बोट लागते, ही विकून टाक. जुलैत मीही तिकडे जाणार आहे. काय करावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : विकू देऊ नका. मी तिकडे होतो तेव्हा सहा वर्षं अशाच बोटीतून मस्कीमागे फिरलो.

मस्की आपल्या मरळीसारखी गवतात दबा धरून बसते, पण वाढते चार फुटांच्या वर. तिची खोड अशी, की आमिषाच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येते आणि तिथे थबकते. पहिल्या खेपेला मी आमिष पाण्याबाहेर ओढलं आणि खाली ती मला दिसली. त्या रात्री झोप लागली नाही. अशा वेळी गळाच्या काठीचं टोक पाण्यात बुडवून आमिष बोटीलगत आठच्या आकड्यात फिरवायचं (आठ इंग्रजी, मराठी नव्हे), वळणं ऐसपैस घ्यायची. हे काम बुटक्या कडेवरून जितकं सोपं, तितकं उंच कडेवरून नाही. मासा पाण्यातच ठेवून गळ काढायलाही बुटकी कडच बरी.

अडचण सामानाची. काठी साडेआठ-नऊ फुटी लागते, ती बास बोटीच्या कप्प्यात बहुधा मावत नाही. सरकवून आखूड होणारी घ्यावी. मासे जिवंत ठेवायच्या टाकीत मस्की कोंबू नये. मोठ्या तोंडाचं, खोल जाळं, लांब पक्कड आणि गळ तोडायचं कटर हवंच. मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांत ५४ इंचांखालची मस्की सोडावीच लागते. पाणी २७ अंश सेल्सिअसवर गेलं की गळ टाकूच नये, दमलेला मासा सोडला तरी बऱ्याचदा मरतो. जुलैत हे रोज मोजा.

खरी भीती वाऱ्याची. मिल लॅक्ससारखं तळं अफाट आणि उथळ, लाटा आखूड व उभ्या उठतात. उजनीत मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून लहान तळी धरा. वारा उठला की बोटीच्या नाकावरच्या फळीवर कुणी उभं राहायचं नाही, काठ गाठायचा. लाइफ जॅकेट अंगात, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याला बांधलेली. दोरीबाबत तर एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत कायदाच आहे.

तुम्ही मागच्या खुर्चीत बसा. त्या आमिषाला तीन-तीन टोकांचे दोन-तीन गळ असतात, तेव्हा मागे पाहिल्याशिवाय काठी उचलायची नाही, हे मुलाकडून किनाऱ्यावरच कबूल करून घ्या.