बोंड फोडून बघ

प्रिय बाबू,

तुझा प्रश्न पोचला. घरचे म्हणतात, "घाई कायची? सीतादहीच्या दिवशी, पहिल्या वेचणीला, समजेलच पऱ्हाटीत काय हाय ते." आणि तुला रोज वावरात जाऊन कपाशीची बोंडं चाचपाविशी वाटतात. खरं कशानं कळतं, वेळेनं की चौकशीनं, असं तू विचारलं आहेस.

वेळेनं कळतं, हे खोटं नाही. पण फूल उमलल्यापासून बोंड फुटायला साधारण ४५-५० दिवस लागतात. गुलाबी बोंडअळी कोवळ्या बोंडात बारीक छिद्रातून शिरते आणि ते छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. आत ती सरकी खात असते. वेचणीला कवडी, म्हणजे डागाळलेला किडका कापूस हाती येतो तेव्हा अळी होती हे कळतं, पण कधी आली, किती आली, झाडांच्या कोणत्या तासांत (ओळींत) आधी आली, यातलं काहीच कळत नाही.

तेव्हा फोडून बघ. पीक ४५ दिवसांचं झालं की एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं अळीचे नर पतंग ओढणारे) लाव, शेंड्याच्या फूटभर वर, आणि पीक वाढेल तसे वर सरकव. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, गुलाबी बोंडअळीचीच आहे ना, हे पाकिटावर वाच. दुसऱ्या अळीची लागली तर सापळा रिकामा राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. ती किती दिवसांनी बदलायची तेही पाकिटावरच असतं. रोज सकाळी पिशवी सोडून पतंग मोज, लिही, पिशवी रिकामी कर. कालचे पतंग आत राहिले तर आजचा आकडा फुगतो. पिशवी फाटली असेल तर तो उलट घटतो.

इथे कुतूहलालाही आवर लागतो. एका रात्री बारा पतंग दिसले म्हणून पंप पाठीवर घेऊ नको. सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग सलग ३ रात्री आले तरच ती धोक्याची पातळी. पावसाच्या रात्री पतंग कमी सापडतात, म्हणून तारखेशेजारी पाऊसही लिही.

फुलं लागली की डोमकळी शोध. पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या पिळून चिकटलेल्या राहतात. पाकळ्या सोडवल्या की आत अळी सापडते. १०० फुलांत १० डोमकळ्या म्हणजे धोक्याची मर्यादा गाठली. डोमकळी तोडून तिथेच टाकू नको, पिशवीत गोळा करून नष्ट कर.

बोंडं फोडण्याची रीत नीट कर, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. धुऱ्यावरची, म्हणजे बांधाकडची चार झाडं पाहून अख्ख्या वावराचा निकाल लावतात. तू कडेची तासं सोड, वावरातून नागमोडी चाल आणि वेगवेगळ्या २० झाडांवरून एकेक हिरवं बोंड घे, अंगठ्यानं दाबलं की दबेल इतकं कोवळं. पाकळीच्या शिवणीवर नख रोवून उघड. पांढरट बारीक अळी पटकन दिसत नाही, ती मोठी झाल्यावरच गुलाबी होते. म्हणून सालीची आतली बाजू बघ: तिथे बारीक गाठी, रुईवर डाग, सरकीत भुसा. २० मध्ये २ किडकी निघाली की १० टक्के झाले. मग कृषी सहायकाला विचारून औषध ठरव. पोळ्याची अमावस्या आली म्हणून फवारू नको. अमावस्या पंचांगात असते, अळी बोंडात. २०१७ साली विदर्भात बोंडअळीनं कापूस खाल्ला, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. मास्क आणि हातमोज्यांवाचून पंपाला हात लावायचा नाही.

फवारलंस तर चार ओळींचा तुकडा न फवारता ठेव, कडेच्या झाडांना चिंधी बांध. घरचे चिडतील, चिडू दे. त्या तुकड्यावाचून औषधानं काम केलं की अळी आपसूक ओसरली, हे सांगता येत नाही. आता तुला वेळेची गरज पडेल. दोनच दिवसांनी फोडलीस तर फवारणीआधी आत शिरलेल्या अळ्या दिसतील आणि औषध नकली होतं असं वाटेल. १०-१२ दिवस थांब, मग दोन्हीकडची नवी कोवळी बोंडं २०-२० फोड.

बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बीटी २००६ मध्ये आलं. गुजरातेत एका जनुकाच्या बीटीला ही अळी जुमानत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं होतं. विदर्भाला दणका बसला २०१७ मध्ये. मधली सात वर्षं "बीटी आहे, बोंडअळी येतच नाही" हे वाक्य गावोगाव चालू होतं, आणि बोंड फोडायचं कुणाला सुचत नव्हतं.

शंभर पानी वही घे. पहिल्या पानावर पेरणीची तारीख, वाण आणि लॉट नंबर लिही. बियाण्याचं रिकामं पाकीट आणि बिल मागच्या पानाला टाच. तक्रार करायची वेळ आली तर तेच आधी मागतात. येत्या रविवारी पहिली २० बोंडं फोड आणि आकडा कळव. शून्य आला तरी कळव.

तुझा,
काका