काकांचं गॅरेज पावसानं फुगलंय, काय करू?

प्रश्न: नमस्कार सर, मी खानापूरचा. काकांनी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पुठ्ठ्याचं छोटं गॅरेज करून दिलेलं, माझ्या 1:64 च्या, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या, छोट्या मॉडेल गाड्या ठेवायला. दोन पावसाळे माळ्यावर राहिलं आणि आता तळ फुगलाय, शटर निघून हरवलंय, भिंतीवर बुरशी आलीय. सगळं घासून नवीन रंग मारू काय?

उत्तर: रंग तेवढा मारू नका बघा! ऑइलचे डाग, गंजाचे ओघळ काकांनी हातानं काढलेत, तेच तर त्या गॅरेजचं खरं सोनं आहे. आधी सगळीकडून फोटो काढून ठेवा, मग सावलीत पंख्याखाली चार-पाच दिवस नीट वाळू द्या, आणि बुरशी अंगणात जाऊन मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. फुगलेला एमडीएफ कितीही दाबला तरी परत बसत नाही, त्यामुळं तळ नवा घाला आणि कडांना वॉर्निशचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच जास्त शिरतं.

शटरचं काम मात्र मजेचं आहे. खरं 7 फुटी शटर 1:64 मध्ये जेमतेम 33 मिमी होतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापायचा (कडा धारदार असतात, जपून), खाली जुनं मासिक ठेवायचं आणि पट्टी धरून संपलेल्या बॉलपेननं मिलिमीटरभर अंतरावर रेघा दाबत जायचं, उलटा केला की पन्हळी उठलेल्या दिसतात. गंजासाठी चिमूटभर गेरू चोळा, त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो.

खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकजवळ फेविक्विक नको, वाफेनं ते पांढरं पडतं, तिथं फेविकॉलच वापरा. आणि परत माळ्यावर नको हं, हॉलमध्ये ठेवा, काकांना येता-जाता दिसेल असं.