नंबर जुळत नाहीत म्हणून रडू नका

प्रश्न : काका, गेल्या महिन्यात इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर घेतलं. फ्रेमवर ‘यू.एस.’ असा शिक्का, नळी साडेपाच इंचांची. घरी येऊन बघतो तर फ्रेमखाली एक नंबर, ट्रिगर गार्डवर दुसरा आणि मुठीमागच्या पट्टीवर तिसराच! मित्र म्हणतो, ‘भंगारातून जुळवलंय, फसलास. आता निदान पॉलिश मारून भिंतीवर लाव.’ पुढे ते पुण्याला बाबांकडे न्यायचंही मनात आहे. काय करू?
– एक वाचक, ऑस्टिन, टेक्सस

उत्तर : आधी मित्राच्या हातातलं पॉलिश काढून घ्या, मग बोलू.

जुळवलंय हे त्याचं खरं असेल. पण ‘यू.एस.’ हा लष्करी मालाचा शिक्का, तेव्हा बहुतेक ते सरकारनंच जुळवलंय. अमेरिकी लष्करानं १८७३ पासून ही रिव्हॉल्व्हरं घेतली ती घोडदळासाठी, साडेसात इंची नळीची. १८९२ मध्ये लष्कर .४५ सोडून लहान .३८ कॅलिबरकडे (नळीच्या भोकाचं माप, इंचात) वळलं आणि ही कोठारात पडली. १८९५ पासून त्यांतली हजारो बाहेर काढून नळ्या दोन-दोन इंच कापल्या. त्यासाठी सगळी खोलली, सुट्या भागांचे ढीग लागले आणि परत जोडताना नंबर बघत कोण बसतो? लग्नघराच्या दारातल्या चपलांसारखी गत. फिलिपिन्सच्या लढाईत .३८ ची गोळी कमी पडली, तेव्हा हीच .४५ पुन्हा कामाला आली. संग्राहक यांना ‘आर्टिलरी’, म्हणजे तोफखान्याची, म्हणतात, पण पायदळातही ती गेली. तेव्हा यांच्यात नंबर न जुळणं हीच रीत. घोडदळाच्या साडेसात इंचीत मात्र एक नंबर चुकला तरी भाव कोसळतो.

तरी दोन गोष्टी तपासा. लाकडी मुठीवर ‘आर.ए.सी.’ ही अक्षरं पुसट का होईना दिसली तर उत्तम. ती रिनाल्डो कार या तपासनिसाची. आणि सिलिंडरचा, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याचा, दांडा कशानं धरलाय ते बघा. फ्रेमच्या पुढून स्क्रू असेल तर ठीक. आडवी, स्प्रिंगवर दाबायची खिटी असेल, तर ‘यू.एस.’ शिक्क्यावर माझा विश्वास बसणार नाही. लष्कराची खरेदी १८९१ ला संपली, ही खिटी त्यानंतरची.

पॉलिशचं सांगतो, कारण पाप माझ्या हातून घडलंय. माझं पहिलं रिव्हॉल्व्हर १८५१ चं कोल्ट नेव्ही. त्याच्या सिलिंडरवर १८४३ च्या कँपेचेच्या आरमारी लढाईचं चित्र असतं, अगदी उथळ कोरलेलं. मी समई घासतात तसं दोन रविवार घासलं. जहाजं गेली, पितळी ट्रिगर गार्डवरचा उरलासुरला चांदीचा मुलामाही गेला. लखलखीत झालं म्हणून मी बायकोला हौसेनं दाखवलं, ती म्हणाली, ‘नवीन घेतलंत?’ तुम्ही मऊ फडक्यानं तेलाचा हलका हात फिरवा, बास. जुनेपणाचा तपकिरी रंग तसाच राहू द्या.

गोळी झाडून बघायचा मोह नको. हे काळ्या दारूच्या जमान्यातलं पोलाद आहे, आजची जोरकस काडतुसं त्यासाठी नाहीत.

पुण्याचा बेत सोडा. १८९८ पर्यंतचं हत्यार अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ म्हणून बंदुकीच्या नियमांतून सुटत असलं तरी ती सूट विमानात बसून येत नाही. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा वेगळा आहे. बाबांना फोटो पाठवा. मुठीच्या डाव्या बाजूचा एक मलाही पाठवा, तिरप्या उजेडात काढलेला.